अ‍ॅप सांगतं ८८ टक्के, मग गाडी ६२ किलोमीटरवरच का दम टाकते?

प्रश्न : अकोला जिल्ह्यातल्या एका आरोग्यसेविकेचं हे पत्र आहे. वय ४१. उपकेंद्र आणि आसपासची गावं मिळून त्यांचा रोजचा फेरा साधारण ४६ किलोमीटरचा. साडेतीन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, आजवर ती ३४,००० किलोमीटर चालली. नवी असताना एका चार्जवर ८५ किलोमीटर जायची. दिवाळीपासून ६२ च्या पुढे जात नाही. २५ टक्के दिसत असताना एकदम ९ टक्क्यांवर येते, आणि पुलाच्या चढावर पिकअप सोडते. कंपनीचं अ‍ॅप मात्र ‘बॅटरी हेल्थ ८८ टक्के’ दाखवतं. मेकॅनिक म्हणतो, ‘बॅटरी बसली, दोन-चार वेळा शून्यापर्यंत उतरवून फुल्ल करा, नाहीतर नवी टाका.’ दीर म्हणतात, ‘अ‍ॅप ८८ दाखवतंय तोवर विकून मोकळ्या व्हा.’ वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० किलोमीटरची आहे. क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल असं कागदावर लिहिलं आहे. त्या विचारतात : खरं कोण बोलतंय? कुठेतरी शिवारात गाडी बंद पडायची वाट बघू का? आणि विकली, तर घेणाऱ्याला हे सगळं सांगायचं का?

उत्तर :

प्रिय ताई,

अ‍ॅप तुम्हाला मुद्दाम फसवतंय असं मला वाटत नाही, आणि तुमचा रोजचा रस्ताही खोटं बोलत नाही. ८५ चे ६२ झाले म्हणजे रेंज २७ टक्क्यांनी घटली. अ‍ॅपच्या हिशेबाने बॅटरी १२ टक्क्यांनीच घटली आहे. मधले १५ टक्के कुठे गेले ते आधी शोधू. विकायचं की ठेवायचं हे त्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि तुम्ही आत्ताच ठरवायला निघालात म्हणून थोडं थांबवते आहे.

सुरुवात त्या ८८ पासून. हा आकडा कुणी मोजलेला नाही, तो अंदाजाने काढलेला आहे. उरलेली क्षमता थेट दाखवेल असं कोणतंही उपकरण गाडीत बसवलेलं नसतं. ती खात्रीने मोजायची तर बॅटरी पूर्ण भरायची, मग ठरावीक प्रवाहाने तळापर्यंत रिकामी करायची आणि किती अँपिअर-तास (बॅटरीतली साठवण मोजायचं माप) बाहेर आले ते नोंदवायचं. यात दिवसाचा मोठा भाग जातो आणि तोवर गाडी उभी. रोज चालणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. म्हणून बॅटरीच्या पेटीतच बसवलेलं एक सर्किट, ज्याला सगळे बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) म्हणतात, गाडी चालता चालता अंदाज बांधत राहतं.

बीएमएस दर क्षणाला किती प्रवाह आत आला आणि किती बाहेर गेला याची बेरीज-वजाबाकी करतं. दुकानदार जमाखर्चाची वही ठेवतो तसंच हे. वहीत रोज चार-आठ आण्यांची चूक राहते, ती साचत जाते, आणि कधीतरी गल्ला उघडून रोकड मोजल्याशिवाय हिशेब जुळत नाही. बॅटरीच्या बाबतीत गल्ला मोजायची संधी दोनदाच मिळते : गाडी काही तास शांत उभी राहिल्यावर सेलचं व्होल्टेज वाचता येतं तेव्हा, किंवा बॅटरी पूर्ण भरलेली अथवा जवळपास रिकामी असते तेव्हा. तुम्ही रोज ४६ किलोमीटर करून २५-३० टक्क्यांवर घरी येता आणि चार्जिंगला लावता. म्हणजे खालचं टोक तुमच्या बीएमएसला फारसं दिसतच नाही. त्याची वही बऱ्याच दिवसांत जुळवलेली नसणार.

आता तुमची ती २५ वरून ९ वर पडणारी उडी बघा. पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ मला तीच वाटली. तुमच्यासारख्या स्कूटरमध्ये साधारण २.९ किलोवॉट-तासांची बॅटरी असते, सुमारे ५१ व्होल्ट आणि ५७ अँपिअर-तास. बीएमएस समजतं की आता ५७ पैकी ५० उरले, म्हणजे ८८ टक्के. समजा प्रत्यक्षात ४५ च उरले आहेत. तुम्ही ३७.५ वापरले की बीएमएस ५० मधून वजा करून ‘२५ टक्के शिल्लक’ दाखवतं. खरी शिल्लक असते साडेसात, म्हणजे ४५ च्या १७ टक्के. त्यात पुलाचा चढ आला, मोटरने जोर मागितला, व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खूप खाली गेलं, की बीएमएसला आपली चूक कळते आणि ते घाईने आकडा खाली ओढतं. स्क्रीनवर तुम्हाला दिसते ती ही दुरुस्ती. माझ्या उदाहरणातले आकडे धरून चाललेले आहेत, पण घडतं ते असंच. उडी वारंवार येत असेल, तर अ‍ॅपचे ८८ थोडे आशावादी आहेत असं समजायला हरकत नाही. ७९-८० च्या आसपास खरा आकडा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

वही आणि व्होल्टेज या दोन्ही साक्षी अपुऱ्या, मग त्या एकत्र कशा करायच्या? यासाठी आज अनेक ठिकाणी वापरली जाणारी रीत बॅटरीसाठी जन्मलेलीच नव्हती. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली गणिताची एक पद्धत मांडली : अंदाज करा, मोजमाप घ्या, दोघांत फरक पडला तर ज्याच्यावर जितका भरवसा तितका त्याच्याकडे अंदाज सरकवा, आणि पुन्हा तेच करा. अपोलो यानांचा मार्ग काढायला ती वापरली गेली. २००४ मध्ये ग्रेगरी प्लेट यांनी ती लिथियम बॅटरीच्या बीएमएससाठी कशी वापरायची हे सविस्तर दाखवलं. पद्धत उत्तम आहे. पण तिला खाऊ घातलेलं मोजमापच एका बाजूचं असेल, तर तिचं उत्तरही एका बाजूला झुकतं.

दुसरी गोष्ट अ‍ॅपवर बहुधा दिसतच नाही. बॅटरी दोन तऱ्हांनी म्हातारी होते. एक, तिची साठवण कमी होते. दोन, तिच्या आतला रोध वाढतो, म्हणजे आहे ती वीज बाहेर काढणंच अवघड होऊ लागतं. दोन्हींच्या मुळाशी बरंचसं एकच कारण आहे. सेलच्या आतल्या ग्राफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक अतिशय पातळ थर बसतो. तो संरक्षक असतो, त्याच्याशिवाय सेल टिकणारच नाही. पण वर्षानुवर्षं तो जाड होत जातो. त्यात लिथियम कायमचं अडकतं म्हणून साठवण घटते, आणि जाड थरातून वाट काढावी लागते म्हणून रोध वाढतो. मात्र दोन्ही एकाच वेगाने वाढतात असं नाही, आणि ‘हेल्थ’ म्हणून जो एकच आकडा दाखवतात तो बहुतेक वेळा साठवणीचा असतो.

रोध वाढल्यावर चढावर काय होतं ते पाहू. धरा, चढताना मोटर ६० अँपिअर ओढते. नव्या बॅटरीचा रोध ०.०५ ओहम असेल तर व्होल्टेज ३ ने खाली येतं. रोध दुप्पट झाला तर ६ ने. १५ टक्के चार्ज असताना उभ्या गाडीचं व्होल्टेज ४७-४८ असतं. त्यातून ३ गेले तर काही बिघडत नाही. ६ गेले तर ४२ च्या आसपास, म्हणजे जिथे बीएमएस सेल वाचवायला जोर कमी करतं त्या सीमेवर आपण पोचतो. म्हणून तुमची गाडी सपाटीवर नीट आणि पुलावर दमते. शिवाय पूर्वी त्या चढावर बॅटरीच्या आत १८० वॉट उष्णता व्हायची, आता ३६० होते. ती वीज किलोमीटरमध्ये उतरत नाही, नुसती पेटी तापवते. मधल्या १५ टक्क्यांतला एक वाटा इथे गेला.

मोबाइलवाल्यांनी हा अनुभव फार आधी घेतला आहे. ३० टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडायचा, विशेषतः थंडीत. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग ते अशी बंद पडण्याची वेळ टाळण्यासाठी कमी करत होते. लोक संतापले, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर २०१८ मध्ये बॅटरीच्या प्रकृतीचा आकडा फोनमध्ये दिसू लागला, आणि गरजेच्या वेळी लागणारा जोर बॅटरी देऊ शकते का, हेही वेगळ्या ओळीत सांगायला सुरुवात झाली. ती दुसरी ओळ स्कूटरच्या अ‍ॅपवरही असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत विजेच्या वाहनांच्या, अगदी हलक्या वाहनांच्याही, मालकाला बीएमएसमधली उरलेल्या क्षमतेची नोंद वाचता आली पाहिजे असं बंधन घातलं. शक्य असेल तिथे रोधाचीही. आपल्याकडे ही माहिती मागून घ्यावी लागते, म्हणून पुढे मी तुम्हाला ती मागायलाच सांगणार आहे.

पण त्याआधी, ताई, तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे बघू. रेंज घटली म्हणजे बॅटरीच घटली, हे तुम्ही, मेकॅनिक आणि दीर तिघांनीही मानून टाकलं. रेंजमध्ये बॅटरीचा वाटा मोठा असतो, पण ती एकटी नसते. तुम्ही लिहिता, दिवाळीपासून. म्हणजे थंडी पडल्यापासून. तुम्ही सकाळी साडेसातला निघता तेव्हा आपल्या विदर्भात पारा १०-१२ अंशांवर असतो, आणि गार बॅटरीचा रोध तिच्या वयामुळे असतो त्याहून वर चढतो. फेब्रुवारीअखेर यातलं काही तुम्हाला परत मिळेल. मग टायर. ३४,००० किलोमीटरमध्ये ते बदलले असतील, तर कोणते टाकले? हवा शेवटची कधी तपासली? मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवून बघा. लगेच थांबत असेल किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर ब्रेक धरून बसला आहे, आणि तो रोज तुमचे काही किलोमीटर खातो. औषधांची पेटी पूर्वीपेक्षा जड झाली का? वाटेतला एखादा रस्ता उखडला का? घाईमुळे वेग वाढला का? ताशी ४० आणि ताशी ५५ यांत हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. हे सगळं निस्तरायला शंभर-दोनशे रुपये लागतात. नवी बॅटरी हजारोंची.

आता घरच्या घरी काय करायचं ते सांगते. प्रयोगशाळेची गरज नाही, एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा करण्याची गरज आहे. बॅटरीचं वय एका दिवसाच्या आकड्यात सापडत नाही, ते दोन सारख्या दिवसांतल्या फरकात सापडतं.

तुमचा रोजचा रस्ता हेच तुमचं मोजमाप. आठवड्यातला एक दिवस ठरवा, ज्या दिवशी फेरा ठरलेला असतो. आदल्या रात्री पूर्ण चार्ज, टायरची हवा सारखी, एकच मोड, नेहमीचं सामान. किती किलोमीटर झाले आणि किती टक्के उतरले, एवढंच डायरीत लिहा. शेजारी सकाळचं तापमान. चढावर जोर कमी झाला असेल तर त्या वेळी किती टक्के होते, आकड्याने उडी मारली असेल तर कुठून कुठे, तेही. लसीकरणाच्या नोंदी तुम्ही ज्या काटेकोरपणे ठेवता, त्याच्या दशांश शिस्तीतही हे होईल.

दुसरं, एक प्लग-मीटर घ्या. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं, त्यात चार्जर खुपसायचा, किती युनिट वीज गेली ते स्क्रीनवर दिसतं. विजेच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, फार महाग नसतं. चार्जरच्या अँपिअरला पुरेल असं बघून घ्या. २० टक्क्यांपासून १०० पर्यंत एका दमात चार्ज करा आणि आकडा टिपा. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. २.९ युनिटच्या नव्या बॅटरीत या ८० टक्क्यांत सुमारे २.३ युनिट भरतात, आणि चार्जरमध्ये १०-१५ टक्के वाया जातात म्हणून भिंतीवर २.६ ते २.७ दिसायला हवेत. तुमच्याकडे २.३ दिसले तर बॅटरी ८७ टक्क्यांच्या आसपास. १.९-२ दिसले तर सत्तरीच्या उंबरठ्यावर, आणि मग वॉरंटीची फाइल बाहेर काढायची. दोन सावधगिऱ्या. एक, सुरुवातीचे २० टक्के हेही बीएमएसचंच मत आहे, तेव्हा उडी मारून आलेल्या २० वर हा प्रयोग करू नका; शांतपणे उतरलेल्या २० वर करा, आणि दोन-तीनदा करून मधला आकडा घ्या. दोन, चार्जरची नासाडी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, म्हणून आजच्या आकड्यापेक्षा तीन-तीन महिन्यांनी पुन्हा घेतलेला आकडा जास्त मोलाचा.

मेकॅनिकचा शून्यावर उतरवायचा सल्ला मानू नका. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळचा आहे, तेव्हा त्यात तथ्य होतं. लिथियमला तळ गाठणं मानवत नाही, आणि गेलेली क्षमता त्याने परत येत नाही. त्यातला एक छोटा भाग मात्र उपयोगी आहे : एखाद्या सुटीच्या दिवशी, घराजवळ, १०-१२ टक्क्यांपर्यंत आरामात उतरवा, दोन-तीन तास गाडी तशीच ठेवा, मग अखंड १०० पर्यंत चार्ज करून पुढे तासभर प्लग राहू द्या. याने बीएमएसची वही जुळायला मदत होते, आणि बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये सेल एकमेकांच्या बरोबरीला आणायचं काम शंभरीच्या जवळच होतं. त्यानंतर अ‍ॅपचा आकडा ८८ वरून ८१ झाला तर घाबरू नका. रात्रीत बॅटरी बिघडलेली नसेल, अंदाज सुधारलेला असेल. उड्याही कमी होतील.

सेलची ही बरोबरी का महत्त्वाची, तेही सांगते, कारण ‘शिवारात अचानक बंद पडेल का’ ही तुमची भीती इथे येते. ५१ व्होल्टच्या पेटीत साधारणपणे सेलचे १४ गट एकापाठोपाठ जोडलेले असतात. सगळ्यांतला अशक्त गट रिकामा झाला की बाकी तेरांत कितीही वीज असो, बीएमएस दुकान बंद करतं. नुसत्या वयाने बॅटरी सहसा हळूहळू उतरते, तुम्हाला महिनोन् महिने इशारे देत. अचानक बंद पडण्यामागे बहुतेकदा एखादा असा गट, सैल झालेला जोड किंवा बीएमएसचाच बिघाड असतो. तो तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर दिसतो.

म्हणून सर्व्हिस सेंटरला ‘रेंज कमी झाली’ एवढंच सांगून परत येऊ नका. लेखी मागा : उरलेली क्षमता टक्क्यांत नव्हे, अँपिअर-तासांत; पूर्ण चार्जनंतर गाडी उभी असताना सगळ्या गटांची व्होल्टेज; आजवरची चार्जिंगची आवर्तनं; नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान. निवांत असताना गटागटांतला फरक ०.०१-०.०२ व्होल्टचा असेल तर ठीक. ०.१ च्या पुढे असेल तर तुमची गोष्ट म्हातारपणाची नाही, बिघाडाची आहे, आणि दावा त्याच मुद्द्यावर करायचा. तुमची डायरी आणि प्लग-मीटरचे आकडे सोबत जोडा, आणि पूर्ण चार्ज-डिस्चार्जची क्षमता चाचणी करून तिचा अहवाल द्या अशी ईमेलवर मागणी करा. ‘अ‍ॅपवर ८८ आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. वॉरंटी क्षमतेची आहे, अ‍ॅपच्या अंदाजाची नाही. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुमच्या हातात अजून दीड वर्ष आणि २६,००० किलोमीटर आहेत. तुमच्या वेगाने किलोमीटर आधी संपणार नाहीत, वर्षं संपतील. पहिली ईमेल याच महिन्यात जाऊ दे, म्हणजे तक्रार मुदतीच्या खूप आधीची आहे हे कागदावर राहील.

उन्हाळ्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या भागात बॅटरीचा मोठा शत्रू तोच आहे. थंडी बॅटरीला तात्पुरती मंद करते, उष्णता तिला कायमची म्हातारी करते. तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या नको त्या प्रक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उपकेंद्रामागच्या पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात दुपारी काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. शेडपेक्षा कडुनिंबाची सावली बरी. घरी आल्या आल्या चार्जर लावू नका, तासभर गार होऊ द्या. आणि १०० टक्क्यांवर भरून गाडी तशीच पडून राहणं, हे उष्णतेच्या जोडीला आलं की फार नुकसान करतं. साधा टायमर सॉकेट लावून चार्जिंग पहाटे संपेल असं करा, रविवारी ६०-७० वरच सोडा. पेटी फुगल्यासारखी दिसली, गोडसर उग्र वास आला किंवा चार्ज करताना हात ठेववत नाही इतकी तापली, तर डायरी-बियरी सगळं बाजूला. चार्जिंग बंद, गाडी घराबाहेर, आणि सर्व्हिस सेंटरला फोन.

अशाच अडचणीतली इतर पत्रंही येतात, त्यांच्यासाठी थोडं. तुमच्या गाडीत एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी असेल, तर ती सहसा जास्त टिकते, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात तिचं व्होल्टेज जवळपास हलतच नाही, सेलमागे ३.२-३.३. तिथे व्होल्टेजवरून बीएमएसला काहीच उमगत नाही, म्हणून अधूनमधून १०० पर्यंत भरणं तिला जास्त गरजेचं. घरच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या आम्लाची घनता दाखवणारी नळी, घ्या : पूर्ण चार्जनंतर सहाही कप्प्यांत माप १.२६ ते १.२८ च्या दरम्यान आणि एकसारखं हवं. पाच कप्पे ठीक आणि एक १.२० वर असेल तर तो कप्पा गेला, डिस्टिल्ड वॉटर ओतून तो परत येत नाही. बॅकअप मोजायचा तर रोजचे तेच दोन पंखे आणि तेच दिवे लावून मोजा, भारनियमनाच्या दिवशी अंदाजाने नको.

आता विकायचं की ठेवायचं. बॅटरी ८० टक्क्यांवर आली की संपली, असा एक संकेत या क्षेत्रात आहे. तो संकेतच आहे, निसर्गनियम नाही. तुमची सीमा तुमच्या कामावरून ठरेल. तुम्हाला ४६ किलोमीटर जायचं आहे, रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीसाठी वळसा पडला तर आणखी ८-१०. म्हणजे हिवाळ्यातल्या वाईट दिवशी, १५ टक्के शिल्लक राखून, ५५ किलोमीटर मिळत असतील तर गाडी तुमच्या कामाची आहे. आज ६२ वर बंद पडते म्हणजे १५ टक्के राखून ५२-५३. थोडं कमी पडतं आहे, हे मी लपवणार नाही. पण टायर, ब्रेक आणि सरलेली थंडी मिळून ते ५-७ किलोमीटर परत येण्याची शक्यता चांगली आहे. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून, मीटिंगच्या दिवशी तासभर चार्जर लावा. ७०० वॉटचा चार्जर तासात १२-१५ किलोमीटरची सोय करतो. २० टक्क्यांखाली पुलाचा रस्ता टाळा.

तीन महिने नोंदी ठेवा. आकडे जागच्या जागी असतील तर आणखी दोन-तीन वर्षं ही गाडी तुम्हाला नेईल. दर महिन्याला घसरत असतील, आणि घसरण वाढतीच असेल, तर वॉरंटीच्या मागे लागा. काही सेलमध्ये ठरावीक वयानंतर उतार एकदम तीव्र होतो, आणि तो ओळखायला नोंदींशिवाय दुसरा मार्ग नाही. बॅटरी बदललीच तर जुनी भंगारात देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवायची जबाबदारी उत्पादकाची आहे.

दिरांच्या सल्ल्यात तुमची काळजीच असेल, पण तो मला पटत नाही. ८८ चा आकडा खरा नाही असं तुम्हाला वाटतं, म्हणूनच तुम्ही मला लिहिलंत. तोच आकडा दाखवून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, आणि घेणारी कदाचित तुमच्यासारखीच कुणी रोज गावोगाव फिरणारी असायची. विकायची वेळ आली तर क्षमता चाचणीचा अहवाल आणि डायरीची पानं दाखवून विका. ज्याचा फेरा २०-२५ किलोमीटरचा आहे, अशा शिक्षकाला किंवा दुकानदाराला हीच गाडी अजून कितीतरी दिवस पुरेल, आणि कागद हातात असल्यामुळे तो भावही रास्त देईल. चाचणीचा अहवाल आला की तो आकडा मला कळवा. ७० च्या किती वर किंवा खाली आहे, त्यावरून कंपनीला जाणारं पुढचं पत्र कसं लिहायचं ते आपण ठरवू.